विश्लेषण : सहा प्रश्नांत कळतं का तुमचं लक्ष? ऑनलाइन 'एडीएचडी टेस्ट' आणि खरी प्रश्नावली यांत फरक काय

'ही पाच लक्षणं तुमच्यात असतील, तर तुम्हाला एडीएचडी असू शकतो.' अशा अर्थाचं एखादं रील गेल्या काही महिन्यांत तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. चाव्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही. मीटिंगमध्ये मन भलतीकडेच असतं. काम शेवटच्या दिवसापर्यंत ढकललं जातं. रील बघता बघता तुम्ही मनातल्या मनात पाचपैकी पाच खुणा करता. खाली कमेंट्समध्ये शेकडो लोक लिहितात, 'अरे, हे तर मीच!'

मग एक लिंक येते. दोन मिनिटांची 'टेस्ट'. आठ-दहा प्रश्न, शेवटी लाल-हिरवी पट्टी आणि एक आकडा. तुमचं लक्ष १०० पैकी ४२.

हा आकडा आला कुठून? तो ४२च का, ५२ का नाही? आणि ४२ आले म्हणून घाबरायचं की नाही, हे कोणी ठरवलं?

हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण इथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. ज्यांना काहीही आजार नाही, फक्त झोप कमी आणि काम जास्त आहे, असे लोक स्वतःला एक वैद्यकीय नाव चिकटवून बसतात. दुसरीकडे ज्यांना लहानपणापासून खरोखर त्रास आहे आणि ज्यांना 'आळशी', 'वेंधळा', 'धडपणे काही करत नाही' असंच ऐकवलं गेलं, ते लोक 'हे सगळं रील्सचं फॅड आहे' असं समजून डॉक्टरांकडे जातच नाहीत.

कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वाधिक पाहिले गेलेले १०० व्हिडिओ तपासले. त्यांतले ५२ टक्के दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, पण त्याच धाटणीचा मजकूर रील्स आणि शॉर्ट्सच्या रूपात आपल्याकडेही पोहोचतो आहे.

म्हणूनच प्रौढांचं लक्ष मोजणारी खरी प्रश्नावली कशी तयार होते, तिची परीक्षा कशी घेतली जाते आणि तिच्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे समजून घेऊ.

आधी, एडीएचडी म्हणजे काय?

एडीएचडी म्हणजे 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर'. लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही त्याची मुख्य लक्षणं. हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार मानला जातो, त्यामुळे त्याची सुरुवात लहानपणी होते.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 'डीएसएम-५' या २०१३ च्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ व्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीत लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची किमान पाच लक्षणं असावी लागतात. ती घर, नोकरी, शिक्षण अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांच्यामुळे जगण्यात प्रत्यक्ष अडथळा यावा लागतो.

म्हणजे 'गेल्या वर्षी प्रमोशन मिळालं तेव्हापासून लक्ष लागत नाही' ही तक्रार खरी असू शकते, त्रासदायकही असू शकते. पण तेवढ्यावरून तो एडीएचडी ठरत नाही.

किती लोकांना हा त्रास असतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणांतून २० देशांच्या माहितीवर २०१७ मध्ये जो अंदाज मांडला गेला, त्यानुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण सरासरी २.८ टक्के आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

लक्ष मोजायचं, म्हणजे नेमकं काय मोजायचं?

रक्तातली साखर मोजायला रक्ताचा थेंब घेता येतो. लक्षाचा थेंब काढता येत नाही. जे दिसत नाही ते मोजायचं असेल, तर त्याच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. प्रश्नावली हेच करते.

पण पहिली अडचण इथेच येते. 'लक्ष' ही एकच गोष्ट नाही. तासभर एकाच कामावर टिकून राहणं वेगळं. गोंगाटात एकाच माणसाचं बोलणं ऐकणं वेगळं. फोडणी देता देता मुलाचा गृहपाठ घेणं वेगळं, आणि एक काम सोडून चटकन दुसऱ्या कामात शिरणं हे आणखी वेगळं. एखादा माणूस यातल्या एका गोष्टीत तरबेज आणि दुसऱ्यात कच्चा असू शकतो. म्हणून प्रश्नावली बनवणाऱ्याने आधी ठरवावं लागतं की आपल्याला यातलं काय मोजायचं आहे.

उद्देशही ठरवावा लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'कॉग्निटिव्ह फेल्युअर्स क्वेश्चनेअर' नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसांची नावं विसरणं, चालताना लोकांना धडकणं, वाचलेलं डोक्यात न शिरल्यामुळे पुन्हा वाचावं लागणं, अशा गेल्या सहा महिन्यांतल्या चुका ती विचारते. या चुका कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांच्याच हातून होतात. त्या किती वेळा होतात हे मोजणं, हा तिचा हेतू. ती आजाराचं निदान करण्यासाठी बनलेली नाही.

ऑनलाइन टेस्टमध्ये नेमका हाच घोळ होतो. रोजच्या विसराळूपणाचे प्रश्न विचारले जातात आणि शेवटी निकाल मात्र आजाराच्या भाषेत दिला जातो.

मग कॉम्प्युटरवर चाचणीच का घेऊ नये?

स्वतःबद्दल विचारण्यापेक्षा थेट चाचणी घ्यावी, असं कोणालाही वाटेल. स्क्रीनवर अक्षरं येतील, ठरावीक अक्षर दिसलं की बटण दाबायचं, चुका मोजायच्या. अशा चाचण्या आहेत आणि वापरल्याही जातात.

पण चाचणीतले गुण आणि प्रश्नावलीतली उत्तरं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. लक्ष आणि नियोजन सांभाळणाऱ्या मेंदूच्या कामांबद्दलचे २० अभ्यास कॅनडा-अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एकत्र तपासले. दोन्ही पद्धतींतला सहसंबंध मध्यगा पातळीवर फक्त ०.१९ निघाला. पूर्ण जुळणी असती तर तो १ असता.

यातलं एक खरं आणि दुसरं खोटं, असा याचा अर्थ नाही. शांत खोलीत, कोणीतरी समोर बसलेलं असताना वीस मिनिटं तुम्ही किती चांगलं लक्ष देऊ शकता, हे चाचणी सांगते. महिन्याभरात बिल भरायचं किती वेळा राहिलं, हे प्रश्नावली सांगते. दोन्ही माहिती उपयोगी आहे, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

प्रश्न कुठून येतात?

चांगल्या प्रश्नावलीचे प्रश्न एका बैठकीत सुचलेले नसतात. आधीचं संशोधन, डॉक्टरांचा अनुभव आणि ज्यांना त्रास आहे अशा लोकांच्या मुलाखती यांतून प्रश्नांचा मोठा साठा तयार केला जातो. शेवटी वीस प्रश्न ठेवायचे असतील, तर सुरुवात त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रश्नांनी करण्याची रीत आहे.

मग चाळणी लागते. तज्ज्ञ प्रत्येक प्रश्न तपासतात : हा खरंच लक्षाबद्दल आहे का? की स्मरणशक्तीबद्दल, चिंतेबद्दल, की फक्त स्वभावाबद्दल?

त्यानंतरचा टप्पा अनेकदा गाळला जातो, पण तोच सगळ्यात शिकवून जातो. काही लोकांना समोर बसवून प्रश्न वाचायला देतात आणि सांगतात, 'उत्तर देताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला.' प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक अर्थ असतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात भलताच, हे इथे उघड होतं.

एक नमुना पाहा : 'मोबाइलमुळे तुमचं कामात लक्ष लागत नाही आणि चिडचिड होते का?' हा एक प्रश्न दिसतो, पण यात तीन प्रश्न दडले आहेत. लक्ष लागत नाही का? चिडचिड होते का? आणि दोन्हींचं कारण मोबाइल आहे का? ज्याचं लक्ष लागत नाही पण चिडचिड होत नाही, त्याने काय उत्तर द्यायचं? सोशल मीडियावरच्या बहुतेक टेस्टमध्ये असे जोडप्रश्न सर्रास सापडतील.

पहिली परीक्षा : पुन्हा मोजलं तर तेच येतं का?

प्रश्न ठरले की ते शेकडो लोकांना दिले जातात. एका प्रश्नामागे किमान पाच ते दहा माणसं हवीत, असा एक ढोबळ ठोकताळा संशोधक पाळतात. उत्तरं आली की प्रश्नावलीच्या दोन मोठ्या परीक्षा सुरू होतात. बी.एड. किंवा मानसशास्त्र शिकलेल्यांना त्यांची नावं माहीत असतील : विश्वसनीयता आणि सप्रमाणता.

विश्वसनीयता म्हणजे मोजमापातलं सातत्य. आज तुम्ही प्रश्नावली भरली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरली, मधल्या काळात आयुष्यात फार काही बदललं नसेल, तर गुण साधारण तेवढेच यायला हवेत. सोमवारी ४२ आणि पुढच्या सोमवारी ७१ येत असतील, तर प्रश्नावली तुमचं लक्ष मोजत नाही, तुमचा त्या दिवसाचा मूड मोजते आहे.

दुसरा निकष असा की, एकाच गोष्टीबद्दलचे प्रश्न एकमेकांशी जुळायला हवेत. यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला 'अल्फा' हा आकडा वापरतात. तो साधारणपणे ० ते १ च्या दरम्यान असतो आणि ०.७ च्या वर गेला की ठीक मानला जातो.

पण या आकड्याला फसवणं सोपं आहे. एकच प्रश्न शब्द बदलून दहा वेळा विचारला, तर अल्फा उत्तम येईल. मोजलं मात्र काहीच नवीन जाणार नाही. त्यामुळे एखाद्या ॲपने 'आमच्या टेस्टचा अल्फा ०.९ आहे' असं सांगितलं, तर ती अर्धीच गोष्ट समजा.

कोणते प्रश्न कोणाबरोबर गट करतात, हेही गणिताने तपासलं जातं. लक्षाबद्दलचे प्रश्न एका गटात आणि चंचलतेबद्दलचे दुसऱ्या गटात पडले, तर मूळ कल्पनेला आधार मिळतो. हे गट एका नमुन्यात सापडले की ते दुसऱ्याच लोकांवर पुन्हा तपासायचे असतात. ज्या गणितांचा सराव केला तीच पेपरात आली, तर पैकीच्या पैकी मिळण्यात नवल काय?

दुसरी परीक्षा : जे मोजायचं होतं तेच मोजलं का?

शिंप्याची टेप दर वेळी तेच माप देते. ती विश्वसनीय आहे. पण त्या टेपने ताप मोजता येत नाही. मोजमापात सातत्य असणं पुरेसं नसतं, ते योग्य गोष्टीचं मोजमाप असावं लागतं. हीच सप्रमाणता.

ती सिद्ध करायची तर प्रश्नावलीच्या बाहेरचा पुरावा लागतो. इथे एक खरं उदाहरण पाहू. इंटरनेटवरच्या असंख्य 'एडीएचडी टेस्ट' ज्या प्रश्नावलीच्या नक्कला आहेत, तिचं नाव 'ॲडल्ट एडीएचडी सेल्फ-रिपोर्ट स्केल', थोडक्यात एएसआरएस. जागतिक आरोग्य संघटनेसाठी हार्वर्डचे रोनाल्ड केसलर, न्यूयॉर्क विद्यापीठाचे लेनर्ड ॲडलर आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. तिच्याबद्दलचा मूळ शोधनिबंध २००५ मध्ये आला.

तिच्यात १८ प्रश्न होते. प्रत्येक प्रश्न त्या वेळच्या निदान-निकषांतल्या एकेका लक्षणावर आधारलेला. उत्तरासाठी पाच पर्याय : 'कधीच नाही' पासून 'खूप वेळा' पर्यंत.

तपासणी अशी झाली. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आधी भाग घेतलेल्या १५४ लोकांनी प्रश्नावली भरली. त्याच लोकांच्या प्रशिक्षित तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखती घेतल्या. प्रश्नावलीत कोणी काय उत्तर दिलं, हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत नव्हतं. माहीत असतं, तर त्याचं मत नकळत तिकडे झुकलं असतं. मग दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले.

यातून जे समोर आलं ते अनपेक्षित होतं. १८ प्रश्नांपेक्षा त्यांतले निवडक सहा प्रश्न जास्त चांगलं काम करत होते. खरोखर एडीएचडी असलेल्यांपैकी ५६.३ टक्के लोक १८ प्रश्नांना सापडले, तर सहा प्रश्नांना ६८.७ टक्के. एडीएचडी नसलेल्यांना 'नाही' असं बरोबर ओळखण्याचं प्रमाण १८ प्रश्नांसाठी ९८.३ टक्के, तर सहा प्रश्नांसाठी ९९.५ टक्के.

जास्त प्रश्न म्हणजे जास्त अचूकता, हा आपला समज इथे चुकीचा ठरला. काही प्रश्नांना सगळेच 'हो' म्हणतात, काहींना कोणीच म्हणत नाही. असे प्रश्न फक्त गोंगाट वाढवतात.

आणखी एक बारकावा आहे. या सहा प्रश्नांत पहिल्या तिन्हींसाठी 'कधीकधी' हे उत्तरही मोजलं जातं. उरलेल्या तिन्हींसाठी मात्र 'बरेचदा' किंवा त्याहून जास्त असेल, तरच ते मोजायचं. सहापैकी चार प्रश्नांत अशी उत्तरं आली, तर पुढच्या तपासणीची गरज आहे असं समजायचं. ही रेघ माहितीवरून ठरली, कोणाच्या मर्जीवरून नाही. इंटरनेटवरच्या नकलांमध्ये प्रश्न बहुतेक वेळा जसेच्या तसे उचललेले असतात, पण ही रेघ मात्र गायब होते आणि सगळ्या उत्तरांची सरसकट बेरीज करून टक्केवारी दाखवली जाते.

आणि हो, हे सगळं करूनही ६८.७ टक्केच. म्हणजे खरा त्रास असलेल्या दहापैकी तिघं निसटलेच.

'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे आहेच का?

निकष बदलल्यावर २०१७ मध्ये याच गटाने डीएसएम-५ नुसार नवी सहा प्रश्नांची आवृत्ती आणली. ती खरा त्रास असलेल्यांपैकी ९१.४ टक्के लोकांना पकडते आणि नसलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांना बरोबर वगळते. आकडे भक्कम आहेत. आता यातला सापळा पाहा.

समजा, १,००० लोकांनी ही प्रश्नावली भरली. वर सांगितलेला जागतिक अंदाज धरला, तर यांतल्या २८ जणांना एडीएचडी असेल. प्रश्नावली त्यांतले सुमारे २६ शोधेल. उत्तम.

पण उरलेल्या ९७२ जणांना एडीएचडी नाही. त्यांतल्या ४ टक्के लोकांचा निकाल चुकून 'पॉझिटिव्ह' येईल. म्हणजे सुमारे ३९ जण.

एकूण 'पॉझिटिव्ह' झाले ६५. त्यांतले खरे २६. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या दर दहापैकी सहा जणांना एडीएचडी नाही! प्रश्नावली वाईट आहे म्हणून असं होत नाही. मुळात आजार नसलेल्यांची संख्याच इतकी मोठी आहे, की त्यांच्यातली छोटीशी चूकही खऱ्या रुग्णांच्या संख्येवर मात करते.

२०१७ च्या अभ्यासात अमेरिकी लोकसंख्येसाठी नव्या निकषांनुसार हे प्रमाण ८.२ टक्के धरलं होतं. त्या हिशोबाने 'पॉझिटिव्ह' आलेल्यांपैकी ६७.३ टक्के खरे निघतात. प्रश्न तेच, रेघ तीच, पण प्रश्नावली कोणाला दिली यावर आकड्याचा अर्थ बदलला. मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात आधीच त्रास घेऊन आलेल्या माणसाचा 'पॉझिटिव्ह' आणि रात्री दीड वाजता रील बघता बघता टेस्ट देणाऱ्याचा 'पॉझिटिव्ह', हे एक नव्हेत.

रात्री दीडचा उल्लेख उगाच नाही. अपुरी झोप, नैराश्य, चिंता, थायरॉइडचा त्रास, नुकतंच झालेलं बाळंतपण, कामाचा अतिरेक या सगळ्यांत माणूस नेमकी हीच उत्तरं देऊ शकतो : लक्ष लागत नाही, विसरायला होतं, काम सुरू करवत नाही. 'काय होतंय' हे प्रश्नावलीला कळतं. 'का होतंय' हे कळायला माणूस लागतो. तो तुमच्या शाळेतल्या दिवसांबद्दल विचारतो, घरच्यांशी बोलतो, इतर कारणं तपासतो. म्हणून अशा साधनांना निदान न म्हणता चाळणी म्हणतात.

प्रश्न मराठीत आले की काय होतं?

अमेरिकेत तपासलेली प्रश्नावली मराठीत आणायची, तर एखाद्या भाषांतर ॲपमधून काढली की झालं, असं नाही.

एएसआरएसच्या मूळ इंग्रजी प्रश्नांतला एक प्रश्न विचारतो की, अंगात मोटर बसवल्यासारखं सतत काहीतरी करत राहावंच लागतं, असं तुम्हाला किती वेळा वाटतं? शब्दशः भाषांतर केलं तर मराठी माणूस गोंधळेल. 'पायाला भिंगरी लागल्यासारखं' म्हणावं, असा मोह होईल. पण भिंगरी लागलेला माणूस म्हणजे सतत हिंडणारा, एका जागी न टिकणारा. मूळ प्रश्न आतून ढकलत राहणाऱ्या अस्वस्थतेबद्दल आहे, हिंडण्याफिरण्याबद्दल नाही. फिरतीची नोकरी असलेला विक्री प्रतिनिधी या प्रश्नाला 'नेहमीच' असं सांगून मोकळा होईल.

खुद्द 'लक्ष' हा शब्दही सरळ नाही. 'लक्ष देणं' म्हणजे एकाग्र होणं. 'लक्षात राहणं' म्हणजे स्मरण. 'तुझं माझ्याकडे लक्षच नाही' ही तर सरळ तक्रार, तिचा अर्थ तुला माझी पर्वा नाही. 'कोणी बोलत असताना तुमचं लक्ष नसतं का?' असं विचारलं, तर अनेकांना तो आपल्या वागणुकीवर घेतलेला आक्षेप वाटेल आणि ते सवयीने 'छे, तसं नाही' म्हणतील. 'अवधान' हा शब्द अचूक आहे, पण तो पाठ्यपुस्तकातला. रोजच्या बोलण्यात तो कोण वापरतं?

उत्तरांचे पर्यायही असेच. 'कधीकधी', 'अधूनमधून', 'बरेचदा', 'वारंवार' यांना चढत्या क्रमाने लावा आणि शेजारच्या माणसालाही लावायला सांगा. 'कधीकधी' मोठं की 'अधूनमधून', यावर एकमत होईलच असं नाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे, रेघ नेमकी 'कधीकधी' आणि 'बरेचदा' यांच्या मध्येच कुठेतरी मारलेली असते.

म्हणून नीट भाषांतराची एक पद्धत ठरलेली आहे. दोन वेगवेगळे लोक मराठीत भाषांतर करतात. मग मूळ प्रश्न न पाहिलेली व्यक्ती ते पुन्हा इंग्रजीत आणते. दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहिले जातात. त्यानंतर शहरातल्या, गावातल्या, कमी-अधिक शिकलेल्या लोकांकडून प्रश्न समजतात का ते पाहिलं जातं. आणि शेवटी दोन्ही परीक्षा मराठी बोलणाऱ्या लोकांवर पुन्हा घ्याव्या लागतात. रेघसुद्धा नव्याने तपासावी लागते, कारण अमेरिकेत ठरलेली रेघ इथे लागू पडेलच असं नाही.

हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला लाइक्स मिळत नाहीत. पण ते झालं नाही, तर मराठी माणसाचं लक्ष इंग्रजी माणसाच्या मापाने मोजलं जाईल.

पुढची टेस्ट देण्याआधी काय पाहाल?

- प्रश्नावलीला नाव आहे का? नाव असेल, तर ती कोणी, कधी आणि कोणावर तपासली हे शोधता येतं. 'ब्रेन स्कोअर टेस्ट' असं गुळगुळीत नाव असेल आणि मागे काहीच नसेल, तर ती करमणूक समजा.
- ती कशासाठी बनली आहे? रोजच्या चुका मोजायला, की आजाराची चाळणी लावायला? एकीचे गुण दुसरीच्या भाषेत वाचू नका.
- कोणासाठी बनली आहे? लहान मुलांसाठीची प्रश्नावली प्रौढांना चालत नाही. तुमच्या भाषेत ती तपासली गेली आहे का, हेही पाहा.
- निकालात काय म्हटलं आहे? 'पुढे तपासून घ्या' असं जबाबदार प्रश्नावली म्हणते. 'तुम्हाला एडीएचडी आहे' असं थेट सांगणाऱ्या टेस्टपासून लांब राहा.
- निकालानंतर लगेच काही विकलं जातंय का? कोर्स, पूरक गोळ्या, सबस्क्रिप्शन? मग टेस्ट कोणाच्या फायद्याची आहे, ते उघड आहे.
- तुमची उत्तरं कुठे जातात? मानसिक आरोग्याबद्दलची माहिती खाजगी असते. ईमेल आणि फोन नंबर दिल्याशिवाय निकाल न दाखवणाऱ्या टेस्टला उत्तरं देण्याआधी दोनदा विचार करा.

आणि एवढं सगळं वाचून 'म्हणजे मला काहीच नाही' असा उलटा निष्कर्षही काढू नका. सर्वांत नावाजलेली प्रश्नावलीसुद्धा काही खऱ्या रुग्णांना निसटू देते. लहानपणापासून हा त्रास असेल, त्यामुळे नोकरी, नाती, पैशांचे व्यवहार वारंवार विस्कटत असतील, तर टेस्टमध्ये कितीही गुण आले तरी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटा. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं आणि त्यावरचे शिक्षकांचे शेरे सोबत न्या. लहानपणाबद्दल विचारपूस होणार असेल, तर आठवणीपेक्षा तो कागद जास्त कामाला येतो. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणी सोबत आलं, तर आणखी चांगलं.

कोणाकडे जायचं हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे.